बाजूला बसलेली शालन

वैजूला पहिला मुलगा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. वैजू म्हणजे माझ्या धाकट्या जावेची, शालनची, एकुलती एक लेक. बाळंतपणाला ती आमच्याकडं आली होती. फाल्गुनात मुलगा झाला. वैशाखात, ती सासरी परत जायच्या आदल्या दिवशी, मी आणि शालन आमच्या गोळ्या आणायला जिल्ह्याच्या हॉस्पिटलात गेलो होतो.

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला एक लांबट पत्र्याची इमारत होती. आमच्या आजाराच्या गोळ्या तिथं मिळायच्या. त्या दिवशी दारात लताबाई उभी होती. लताबाई आमच्यातलीच, आजार तोच, पण दहावी शिकलेली. म्हणून बायकांना समजावून सांगायच्या कामावर तिला घेतलं होतं. तिनं टाळी वाजवली.

"बायांनो, गोळ्या घेऊन कुणी पळायचं नाही. आज गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी आहे. मॅडम मुद्दाम आल्यात. कापत नाहीत, टोचत नाहीत. ज्यांची पाळी चालू असेल त्यांनी तेवढं बाजूला बसा, त्यांचं पुढल्या महिन्यात बघू."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत शालन रांगेतून निघाली आणि व्हरांड्यातल्या बाकड्याकडं चालू लागली. मी तिचा पदर धरला.

"कुठं निघालीस?"

"ऐकलं न्हाईस व्हय? मी बाजूला."

"मागल्या खेपेलाबी तू बाजूला. त्याच्या आधीबी."

"मग मी काय करू? तिला काय आवताण देती मी?" ती हसली. "आक्का, तुझी कवाच गेली, माझी परत आली, म्हणून जळतीस व्हय गं?"

रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मीही हसले. शालन बाकड्याच्या अगदी टोकाला जाऊन बसली. बसताना तिनं पिशवीतलं घडी केलेलं पोतं आधी खाली अंथरलं. तिच्या अंगाला कापराचा वास येत होता. महिना-दोन महिने ती पदराच्या गाठीला कापूर बांधत होती. मी विचारलं तर म्हणायची, उन्हाळ्यात घामाचा वास येतोय.

ती पाळीचं एवढ्या अभिमानानं का सांगायची, ते सांगायला पाहिजे.

आमचे दोघींचे नवरे सख्खे भाऊ. दोघंही गलाईच्या कामाला लांब तमिळ मुलखात होते. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायची, याला आमच्याकडं गलाई म्हणतात. आमच्या माणदेशात पाऊस नाही, शेती नाही, त्यामुळं घरटी एक पुरुष तरी असा बाहेर. वर्षातून एकदा यायचे. कपड्यांना तेजाबाचा वास असायचा आणि हातावर डाग. एका वर्षी दोघंही घरी आले ते आजारी होऊनच आले. आधी थोरला गेला, मागोमाग धाकटा. मग आमची रक्तं तपासली, तर दोघींच्याही अंगात तेच निघालं, एचआयव्ही. वैजूची तपासली. ती सुटली.

शालन तेव्हा पस्तिशी ओलांडलेली, पण वाळून काटकी झाली होती. तिची पाळी बंद झाली. अंगात रक्तच नाही तर येणार कुठून, असं तिथली सिस्टर म्हणाली होती. मग सरकारी गोळ्या सुरू झाल्या. सहा-आठ महिन्यांत शालनचे गाल वर आले, केस गळायचे थांबले. एक दिवस ती न्हाणीतून बाहेर आली आणि दारात उभी राहून रडायला लागली. मी घाबरले. ती म्हणाली, "आक्का, कावळा शिवला." त्या दिवशी मी पुरण घातलं. हॉस्पिटलात सांगितलं तेव्हा सिस्टरनं तिच्या पाठीवर थाप मारली. म्हणाली, गोळ्या लागू पडल्या, शरीर परत आलं. आमच्यातल्या सगळ्या बायका तेच धरून चालायच्या. वजन वाढलं आणि पाळी आली की बाई वाचली.

पुढं वयाप्रमाणं शालनचं बंद झालं. दोन वर्षं काही नव्हतं. मग वैजूला पाचवा महिना लागला त्याच सुमाराला तिला पुन्हा दिसायला लागलं. ती मला म्हणाली, "आक्का, गोळ्यांनी मला माघारी तरणी केली बघ. लेकीच्या बरोबरीनं." मी म्हणाले, "आता तूच पाळण्यात बस." आम्हा दोघींना त्यात हसण्यासारखंच वाटलं. एकदा झालं होतं तसंच पुन्हा झालं, एवढंच.

फक्त एक होतं. ती बाजूला बसायची ते दिवस लांबत चालले होते. सासूबाई असताना आमच्या घरात चार दिवस बाजूला बसायची रीत होती. सासूबाई गेल्या, मी सोडून दिलं. शालननं सोडलं नाही. घरात आम्ही दोघीच, तरी ती उंबऱ्याच्या बाहेर पडवीत बसायची, ताट लांबून घ्यायची. आताशा चूल जास्त मीच सांभाळत होते. दोन दिवस ती घरात यायची, की पुन्हा पडवीत.

आणि वैजूचं बाळ आलं तेव्हा ती पडवीतच होती.

वैजूच्या आधी शालनला एक मुलगा झाला होता. तो पाचवीच्या आतच गेला. सासूबाईंनी शेजारच्या एका बाईवर खापर फोडलं, विटाळाची बाई बाळाला शिवली म्हणून. ती बाई शिवली होती का नव्हती, देव जाणे. पण शालनच्या डोक्यात ते बसलं ते उठलं नाही. नातू झाला आणि तिनं त्याला हात लावला नाही. पाचवीला सटवाई पुजली मी, बारशाला पाळण्याची दोरी ओढली मी, बाळाला तेल लावून न्हाऊ घातलं मी. शालन पडवीत बसून सांगायची, "पाणी ऊन हाय का बघ. टाळूला तेल घाल. डोळ्यात जाईल, हाताचा आडोसा धर." सगळं तिथून बघायची. आडवं पोर पडवीकडं तोंड करून हात हलवायला लागलं की ती आपले दोन्ही हात काखेत घालून बसायची.

त्या दिवशी सकाळी आम्ही निघताना वैजू तिच्यासमोर उभी राहिली होती.

"आई, उद्या हे न्यायला येणार. माझ्या पोराला तू एकदा पण घेतलं न्हाईस. सासरी इचारलं तर काय सांगू?"

"सांग, आजी लई मानाची हाय. आवताण लागतं तिला."

"मी मानत न्हाई असलं काय. घे ना."

"तू मानू नको. मी मानते." मग आवाज उतरवून म्हणाली, "आज-उद्यात थांबंल गं. थांबलं की न्हाऊन घीन आन् मग घेतेच. तू गाडीत बसायच्या आत घेते."

तेच घोकत ती जीपमधून आली होती. गाडी आदळली की दात दाबून धरायची. विचारलं की म्हणायची, "पाठ धरली गं. काय न्हाई."

रांग पुढं सरकली. माझा नंबर आला.

आत पडदा लावलेलं टेबल होतं. डॉक्टर उबाळे मॅडम पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. मॅडम रागीट म्हणून आम्ही बिचकून असायचो. गोळ्या चुकवलेल्या बाईला त्या सगळ्यांदेखत झापायच्या. मला म्हणाल्या, "बायडाबाई, वर या. पाय असे. अंग सैल सोडा. एवढं कडक धरलंत तर मी काय बघू?"

"मॅडम, लाज वाटती."

"मला नाही वाटत, मग तुम्हाला कशाला? सकाळपासून हेच बघतेय."

ट्रेमध्ये कापसाचे बोळे आणि एक काचेची बाटली होती. बाटली उघडल्याबरोबर आंबट वास आला. लोणच्यात घालतात तसलं व्हिनेगर, असं मॅडम म्हणाल्या. ते आत लावायचं, मिनिटभर थांबायचं. चांगली जागा गुलाबी राहते. जिथं काही बिघडायला लागलंय तिथं पांढरा डाग उमटतो.

थोडं झोंबलं. मॅडमनी बॅटरी धरून बघितलं.

"उमटलाय."

"काय उमटलं?"

"पांढरा चट्टा. सायीसारखा. हा कॅन्सर नाही, ऐका. पुढं पाच-दहा वर्षांनी तिथं कॅन्सर झाला असता. तुमच्या आजारात तो लवकर होतो, म्हणून तर तुम्हा बायकांना धरून आणतोय. आत्ताच गरम सळीनं जाळून टाकते. एवढुसा आहे."

"जाळायचं?"

"चुलीवर हात कधी भाजला नाही का? त्याच्यापेक्षा कमी. पडून राहा."

खरंच कमी होतं. पोटात कळ आली आणि गेली. सळी बाजूला ठेवत मॅडम सांगू लागल्या. महिनाभर पाण्यासारखं जाईल, भ्यायचं नाही. वर्षानं परत दाखवायचं.

"आणि रक्त दिसलं तर लगेच यायचं. तुमची पाळी गेली ना?"

"कवाच गेली. माझं जाऊ दे, माझ्या जावेचं बघा. तिचं बंद झालेलं परत चालू झालं. गोळ्यांनी."

मॅडम हातमोजे काढत होत्या. एक निघाला होता, दुसरा निम्मा. तो तसाच राहिला.

"परत चालू झालं म्हणजे?"

"दोन वर्सं काय नव्हतं. आता पोराच्या आधीपासनं हाय. लई दीस राहतं."

"वय काय तिचं?"

"पंचेचाळीसच्या पुढं."

"कधीपासून सांगताय?"

"मागल्या दसऱ्यापासनं."

"आणि इथं कधी दाखवलं?"

"दाखवायचं कसं? दर खेपेला अडचण असती. लताबाई सांगत्या, पाळीवाल्यांनी बाजूला बसा. ती बसती."

मॅडमनी तो मोजा परत हातात चढवला. मला वाटलं आता ओरडणार. त्या ओरडल्या नाहीत. हळू म्हणाल्या, "तिला आत घेऊन या. आत्ता. बाकीच्या थांबतील."

मी उतरले, लुगडं सारखं केलं. बाहेर शालन बाकड्यावर होती तशीच होती, भिंतीला डोकं टेकून, डोळे मिटून. तिच्या डोक्यावर भिंतीला एक रंगीत कागद चिकटवलेला होता, बाईच्या पोटातल्या पिशवीचं चित्र आणि खाली मोठी अक्षरं. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं, तिलाही नाही. पुढं मी वाचायला शिकले. कागद तिथं बरीच वर्षं होता. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं तर लगेच सांगा, एवढंच त्यावर होतं.

"शालन, ऊठ. मॅडमनी बोलावलंय."

तिनं डोळे उघडले. "मला? मी बाजूला बसली न्हवं?"

"त्या म्हणत्यात, ये."

"तू काय सांगितलंस त्यास्नी?"

"हाय ते सांगितलं."

"काय गरज होती तुला?" ती चिडली. "आक्का, असल्या अवस्थेत बाईमाणसापुढंबी पाय पसरून झोपायचं? मला न्हाई जमत. पुढल्या महिन्यात यीन."

"पुढल्या महिन्यातबी आसंच असलं तर?"

"नसंल. उद्या थांबणार हाय. मला कळतं न्हाई माझ्या अंगातलं?"

लताबाई जवळ आली. "शालनवहिनी, मॅडम स्वतःहून बोलावतात म्हणजे जावं. मी सगळ्यांना सांगते ते साधी पाळी असणाऱ्यांना. तुमचं मला माहीतच नव्हतं."

"माझीबी साधीच हाय की. माझ्या पाळीला काय शिंगं फुटल्यात व्हय?"

कुणी हसलं नाही. शालननं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ.

"तुला काय म्हणाल्या त्या, आक्का?"

"मला पांढरा डाग निघाला. जाळला. मी चालत आले तुझ्यापुढं."

"आन् माझ्याबद्दल?"

"काय न्हाई म्हणाल्या. नुसतं घेऊन ये म्हणाल्या."

तेवढ्यात मॅडमच पडदा सारून दारात आल्या. मॅडम तिच्या शेजारी येऊन बाकड्यावर बसल्या, पोत्यावरच. "चला शालनताई. विटाळ मला लागत नाही. मी घरी जाऊन तशी पण आंघोळ करते."

शालन उठली. उठताना तिनं बाकड्याची कड धरली, आणि मग माझं मनगट. "ही आत येणार. माझा हात धरायला." मॅडम म्हणाल्या, "येऊ दे."

मी तिच्या डोक्याशी उभी राहिले. पलीकडं काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. मला मॅडमचं तोंड दिसत होतं, शालनचं कपाळ दिसत होतं, आणि ट्रे. कापराच्या वासाखालून आता दुसरा एक वास येत होता. तो मला ओळखू येत नव्हता असं मी म्हणणार नाही. आमच्या घरी तो पडवीतून कधी कधी यायचा. मी मेलेला उंदीर शोधला होता, माळ्यावर चढून.

सिस्टरनं बाटली उचलून मॅडमपुढं धरली. मॅडमनी मान हलवली. सिस्टरनं ती परत खाली ठेवली, न उघडताच.

मी वाट बघत होते आंबट वासाची. मला वाटलं उशिरानं लावतील. लावलंच नाही. औषध लावून पांढरं होतंय का बघायचं ते जिथं काही दिसत नाही तिथं. इथं नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

मॅडमनी एक बारीकसा तुकडा काढून घेतला, बाटलीत टाकला. रक्त आलं ते बोळ्यांनी दाबून धरलं, पुष्कळ वेळ. शालन वर पत्र्याकडं बघत होती. मला म्हणाली, "आक्का, तुझं मिनिटात झालं. माझ्याकडंच एवढा वेळ का?"

"गप पड."

"झालं, शालनताई," मॅडम म्हणाल्या. "सावकाश उठा. घाई नाही."

मॅडम घाई नाही म्हणाल्या तेव्हा मला भीती वाटली. बाहेर एवढी रांग होती आणि त्या खुर्ची ओढून बसल्या. सिस्टरनं पडदा नीट लावला. कुणी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

मॅडमनी फिरवून-फिरवून नाही सांगितलं. म्हणाल्या, तिथं मोठी गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवू, पण मला जे दिसतंय ते दिसतंय. हा त्या पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे. बाजूला पसरलाय. ऑपरेशनच्या पुढं गेलाय. मोठ्या हॉस्पिटलात लाईट देतात, म्हणजे मशीनचे किरण, तिकडं पाठवते, याच आठवड्यात जा. त्रास कमी होईल. काही जणी पुढं बरीच वर्षंही काढतात.

मी शालनच्या तोंडाकडं बघू शकले नाही. तिच्या पायाकडं बघत होते. जोडव्याची जागा पांढरी पडलेली, ती अंगठ्यानं खाजवत होती.

"मॅडम," शालन म्हणाली. "म्हंजे ही पाळी न्हाई?"

"नाही."

"मागल्या दसऱ्यापासनं जातंय ते?"

"ती पाळी नव्हती. ती जखम आहे. जखमेतून रक्त येतंय."

"एकबी पाळी न्हवती?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, ही असं का विचारतेय म्हणून. "एकही नव्हती, शालनताई."

"नक्की सांगताय ना? न्हाईतर म्हणाल, थोडी ती आन् थोडी ही."

"नक्की सांगते. तुमची पाळी जाऊन तीन वर्षं झाली."

शालन म्हणाली, "पायाला दगड लागून रक्त आलं तर त्याचा विटाळ न्हाई धरत."

"नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांना काही कळलं नसावं.

"आक्का, चल," शालन म्हणाली. "जीप चुकंल."

मॅडमनी तिला अजून थांबायला सांगितलं, कागद करून दिले, कुठं जायचं, कुणाला भेटायचं ते लताबाईला दोनदा बजावलं. लताबाईचा चेहरा राखेसारखा झाला होता. ती शालनला म्हणाली, "वहिनी, मी दर खेपेला तुम्हाला बघत होते. बाकड्यावर." शालन म्हणाली, "तू काय करणार गं? मीच उठून जात होते." आणि तिनं माझ्या हातातून पिशवी ओढून घेतली. पोतं बाकड्यावरच राहिलं.

जीपमध्ये ती कडेला बसली. बाहेर वावटळी उठत होत्या, माळावरून धूळ उभी राहायची आणि चालत रस्त्यावर यायची. मी तिचा हात धरला होता. तिनं धरू दिला, पण तिचं लक्ष नव्हतं. फाटा जवळ आल्यावर म्हणाली, "वैजूला यातलं काय बोलायचं न्हाई. उद्या ती जाणार हाय. पोराला अंगावर पाजती. दूध आटंल."

"कवातरी सांगावं लागंल."

"कवातरी सांगू. आज न्हाई."

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वैजू पडवीत बसून पोराची दुपटी घडी करून ट्रंकेत भरत होती. पोर आत झोळीत होतं, जागं होतं, आपल्याशीच आवाज काढत होतं. शालन सरळ न्हाणीत गेली. मी पाणी तापवून दिलं नाही, ती थांबलीच नाही, थंड पाण्यानं न्हाली, डोक्यावरून. घडीचं हिरवं लुगडं नेसली. केस तसेच ओले, पाठीवर. कापूर बांधला नाही.

मग ती उंबरा ओलांडून आत आली. वैजूनं हातातलं दुपटं खाली ठेवलं.

"आई? थांबलं का?"

"थांबलं," शालन म्हणाली.

वैजूनं माझ्याकडं बघितलं. मी चुलीत लाकूड सारलं.

शालन झोळीपाशी गेली, पण तिला नुसतं उचलायला जमेना. हात पुढं न्यायची, मागं घ्यायची. वैजू हसायला लागली. "आगं घे की. आई, तू मला वाढवलंस न्हवं?" शेवटी वैजूनंच पोर काढून तिच्या ओटीत ठेवलं. शालन भिंतीला टेकून खाली बसली. पोरानं तिच्या ओल्या केसांची एक बट मुठीत धरली आणि सोडली नाही. तिनं त्याची टाळू हुंगली, तळपाय हुंगले, मान हुंगली. कानामागं काजळाची तीट होती, ती तिनं बोटानं नीट गोल केली.

"अशीच लावत होतीस व्हय गं आक्का?" मला म्हणाली. "लांबनं मला गोल दिसायची. ही तर वाकडी हाय."

"तुझ्या नातवाला धरून ठेवून लावून दाखव की मग."

"उद्या लावते. सकाळी न्हाऊबी मीच घालणार हाय. तू नुसतं पाणी दे."

जेवणं झाली तरी तिनं पोराला खाली ठेवलं नाही. एका हातानं जेवली. तिच्या बसण्यात कळ होती, ती मला दिसत होती. वैजूला दिसत नव्हती. वैजू बोलत होती, सासरचं काय काय सांगत होती, दिवाळीला येईन म्हणत होती. शालन म्हणाली, "ये. तवर ह्यो रांगायला लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच त्याला न्हाऊ घातलं, पाय पसरून, पायावर आडवं घेऊन. मी पाणी दिलं. तिनं त्याला तेल चोळलं, धुरी दिली, तीट लावली. दहाच्या सुमाराला जावई गाडी घेऊन आले. फाट्यापर्यंत पोर तिच्याच कडेवर होतं. गाडीत बसल्यावर वैजूनं हात पुढं केले, तेव्हा शालननं त्याला द्यायच्या आधी आपल्या दोन्ही हातांची बोटं त्याच्या कानशिलावरून उतरवून आपल्या डोक्याशी मोडली. कडाकड वाजली. वैजू म्हणाली, "बघ, किती दृष्ट होती."

गाडी गेली. शालन फाट्यावरच्या दगडावर बसली. "आक्का, आता मला चालवंना," म्हणाली. मी तिला पाठुंगळी घेऊन घरी आणलं.

त्याच आठवड्यात आम्ही मोठ्या हॉस्पिटलात गेलो. लताबाई आमच्याबरोबर आली, आणि नंतरही दर खेपेला आली. लाईट दिली. रक्त थांबलं, वास गेला, पावसाळाभर शालन बऱ्यापैकी होती. दसऱ्याला वैजूला सांगितलं. ती दिवाळीची वाट न बघता पोराला घेऊन आली आणि राहिली. पोर रांगायला लागलं होतं. शालनच्या अंथरुणाभोवतीच रांगायचं, तिच्या पायावरून इकडून तिकडं जायचं. तिनं कुणाला त्याला उचलू दिलं नाही.

शालनच्या तपासणीच्या पुढच्याच महिन्यापासून लताबाईनं दारात उभं राहून वेगळं सांगायला सुरुवात केली. "पाळी असणाऱ्यांनी आधी माझ्याकडं या, कधीपासून आहे ते मला सांगा, मग बाजूला बसा." मी वर्षाला जाते, तपासून येते. डाग परत उमटला नाही.

गावात म्हणाले, शालन त्या आजारानं गेली. भाऊबंदांतले काही मातीला लांबच उभे राहिले. मी तेव्हाही सांगितलं आणि आता लिहिते. त्या आजाराची एकही गोळी तिनं कधी चुकवली नव्हती. ती पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनं गेली. नातू अकरा महिन्यांचा होता. शालन, माझी धाकटी जाऊ, किंक्रांतीच्या दिवशी सकाळी वारली.